मस्कतचा मे महिना आणि सांगलीत शिवलेले अंगभर कपडे

वन्संचं बाळंतपण मे महिन्यात मस्कतला होणार हे नक्की झालं आणि आमच्याकडं बाळंतविडा राहिला बाजूला, सगळ्यात जास्त चर्चा झाली ती कपड्यांची. जाणार आम्ही तिघी, मी, माझ्या सासूबाई (त्यांना आम्ही सगळे आत्या म्हणतो) आणि बारावीची परीक्षा दिलेली माझी लेक. विश्रामबागेत आमच्या बिल्डिंगमध्ये जी भेटेल ती विचारायची, बुरखा घालावा लागणार का गं, टिकली चालती का तिथं, मंगळसूत्र काढून जाणार का, आणि एवढ्या उन्हात अंगभर कपडे घालून बाहेर कसं पडणार. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं वन्संनी फोनवरच देऊन टाकली. चौथा मात्र खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर आम्ही मार्च-एप्रिलमध्ये सांगलीतच शोधलं, ते सविस्तर लिहितेय कारण आपल्यातल्या कितीतरी बायका आता मुलांकडं, जावयांकडं आखातात जातात, कधी बाळंतपणाला, कधी फिरायला, आणि त्यांच्या हातात असते ती कुठल्यातरी परदेशी बाईनं केलेली लिस्ट, ज्यातले कपडे आपण कधी घालत पण नाही.

आधी नियमाचं. मस्कत ही ओमानची राजधानी, आणि ओमानमध्ये बाईनं डोकं झाकलंच पाहिजे असा कायदा नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, गळा खोल नको, पोट-पाठ उघडी नको, आणि कापड आरपार दिसणारं किंवा अंगाला घट्ट बसणारं नको, एवढं सांभाळलं की बाजारात, मॉलमध्ये, दवाखान्यात कुणी वळून बघत नाही. डोकं झाकायचं ते मशिदीत. पण सगळे मुस्लिम देश एकाच मापानं मोजू नका. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर बायकांनी डोकं झाकणं कायद्यानं बंधनकारक झालं आणि तो कायदा परदेशी बाईलाही लागू आहे. सौदीनं २०१९ मध्ये टुरिस्ट व्हिसा सुरू केला तेव्हा परदेशी बायकांना अबायाची (कपड्यांवरनं घालायच्या पायघोळ झग्याची) सक्ती नाही असं जाहीर केलं, पण साधे, अंग झाकणारे कपडे हवेतच. त्यामुळं जायचंय त्या देशाचं, आणि त्यातल्या त्या गावाचं, आधी नीट विचारून घ्या.

टिकली-मंगळसूत्राचं म्हणाल तर मस्कतला आपली दोन देवळं आहेत, राजवाड्याजवळ मोतीश्वर महादेवाचं आणि दारसैत भागात कृष्णाचं. आत्या रोज कुंकू लावून हिंडल्या, कुणी काही म्हटलं नाही.

आता उन्हाचं. मला पहिल्यापासून वाटत होतं की हा प्रश्न आपण उलटा बघतो. अंग झाकलं की उकडतं असं आपण गृहीत धरतो, पण तासगावकडं द्राक्षाच्या बागेत एप्रिलमध्ये काम करणाऱ्या बायका बघा, साडीवर पुरुषाचा फुल शर्ट, डोक्याला टॉवेल नाहीतर ओढणी गुंडाळलेली, फक्त तोंड तेवढं उघडं. त्यांना कुणी सांगितलं नाही अंग झाका म्हणून, उघड्या कातडीवर ऊन घेण्यापेक्षा ते कापडावर घेतलेलं परवडतं हे त्यांना अनुभवानं ठाऊक आहे. आपल्या पोरी ॲक्टिवावर सनकोट आणि स्कार्फ घालूनच बाहेर पडतात की. म्हणजे झाकायचं कसं हे आपल्याला येतं. उकडतं ते चुकीच्या कापडानं आणि घट्ट शिवणीनं.

म्हणून कापडापासून सुरुवात केली. हरभट रोडवरच्या एका दुकानातनं कॅम्ब्रिक (घट्ट विणीचं सुती कापड), मलमल, रेयॉन आणि क्रेप असे पाव पाव मीटरचे तुकडे आणले, दुकानदार म्हणाले वहिनी एवढ्याशात काय होणार, मी म्हटलं तपासणी होणार. दुपारी एक वाजता गच्चीवर चारही तुकडे भिजवून, पिळून एका तारेवर टाकले. क्रेप सगळ्यात आधी वाळला, त्याच्या मागोमाग मलमल, मग कॅम्ब्रिक, आणि रेयॉन बराच वेळ जड आणि ओला लटकून राहिला. एवढ्यावर निकाल लावला असता तर क्रेप जिंकला असता. पण मग तेच तुकडे लेकीनं आणि मी एकेक करून हाताला सैलसर गुंडाळले आणि उन्हात उभ्या राहिलो. क्रेपच्या आत लगेच चिकचिक, कापड कातडीला बसलं, कारण ते पॉलिस्टरचं, घाम पितच नाही. मलमलीच्या आत वारं लागत होतं. रेयॉन हाताला मऊ आणि गार लागतं, दुकानात त्यालाच हात जातो, पण घामानं एकदा ओलं झालं की लोंबतं आणि लवकर वाळत नाही. घरात घालायला छान, मस्कतच्या रस्त्यावर नको.

मलमलीचा एकच त्रास, आरपार दिसते. त्यावर दोन उपाय केले. एक म्हणजे पूर्ण भरलेलं बारीक प्रिंट घ्यायचं, प्रिंटमध्ये नजर अडकते आणि आतलं दिसत नाही. दुसरं म्हणजे दुकानात ट्यूबलाइटखाली न बघता कापड घेऊन दारात यायचं, उन्हात धरून मागं हात ठेवायचा, बोटं मोजता आली तर ते कापड कुर्त्याला नाही, ओढणीला. आणि आतला स्लिप पांढरा न घेता अंगाच्या रंगाचा घ्यायचा, पांढऱ्या कुर्त्यातनं पांढरा स्लिप लख्ख दिसतो, अंगाच्या रंगाचा दिसत नाही, हे खूप जणींना माहीत नसतं. रंगाचं सांगायचं तर आकाशी आणि राखाडी रंगावर घामाचे डाग ठळक दिसतात, पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर नाहीत. पॅन्टला कॅम्ब्रिक बेस्ट, थोडं जाड असतं आणि बसून उठलं की मागून चिकटत नाही. आपल्या शेजारी इचलकरंजी आहे, विट्याला माग आहेत, सुती कापडाला आपल्याला लांब जावं लागत नाही हे आपलं भाग्यच आहे.

मग शिवण. आमच्या गल्लीत एक काकू शिवतात, हात फार स्वच्छ आहे त्यांचा. त्यांना म्हटलं काकू, छातीच्या मापावर आठ इंच सुटं ठेवा. त्यांनी टेप गळ्यातनं काढला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं आठ? सगळ्या पोरी मला फिटिंग करा फिटिंग करा म्हणत येतात आणि तू ढगळ करून मागतीयेस." मी त्यांना समजावून सांगितलं की आत हवा खेळायला पाहिजे, बाही हात वर केला तरी दंडाला ताणली नाही पाहिजे. मग त्या स्वतःच विचार करायला लागल्या आणि त्यांनी जे केलं ते मला कधी सुचलं नसतं. काखेत चार इंचाचा चौकोनी तुकडा घातला, जुन्या बंडीला आणि अंगरख्याला घालायचे तसा. त्यानं काय होतं, काखेतला घाम शिवणीवर साचत नाही, हात वर केला तरी कुर्ता वर ओढला जात नाही, आणि बाही पूर्ण असून हाताला काचत नाही. मुंढ्याची शिवण घट्ट असली की तिथंच घामोळं येतं, ते अख्ख्या मुक्कामात एकदाही आलं नाही, याचं सगळं श्रेय त्या चौकोनी तुकड्याला आणि काकूंना.

बाकी माप असं, कुर्त्याची उंची ४६ इंच म्हणजे गुडघ्याच्या बऱ्यापैकी खाली, बाजूचा कट कमरेपासून न ठेवता गुडघ्याच्या जरा वर सुरू, नाहीतर वाऱ्यानं कुर्ता उडतो आणि तुम्ही सारख्या हातानं धरत बसता. गळा बंद, पुढं चार बटणं, घरात आलं की उघडता येतात. बाही मनगटापर्यंत पण रुंद, कफला बटण, म्हणजे बाहेर पूर्ण आणि घरात दुमडून वर. थ्री-फोर्थ बाही बाजारात चालते, मोठ्या मशिदीत चालत नाही, म्हणून पूर्णच शिवा, दोनदा खर्च कशाला. कापडाचा पन्ना (रुंदी) ४४ इंची असेल तर एवढ्याला तीन मीटर कापड लागतं. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून आटवून मगच शिवायला द्यायचं. पॅन्ट सरळ, सैल, नेफ्यात इलॅस्टिक आणि नाडी दोन्ही, आणि उजव्या बाजूला आतून खोल खिसा, पासपोर्ट बसेल एवढा. लेगिंग मी कुणालाच घेऊ दिली नाही, उन्हात पायाला चिकटते आणि तिथल्या नजरेनं ती घट्टच.

एक गोष्ट बायका चारचौघीत बोलत नाहीत म्हणून लिहिते. चालून चालून मांड्या घासतात, सोलवटतात, उन्हात तर रडू येईल एवढी आग होते. आतून गुडघ्यापर्यंतची सुती सैल चड्डी शिवून घ्या, काकूंनी उरलेल्या कॅम्ब्रिकमध्येच शिवून दिल्या. बाकी कशातही काटकसर करा, यात करू नका.

आत्यांचं प्रकरण वेगळं. त्या जन्मभर साडीतल्या, ड्रेस घाला म्हणणं बरोबर दिसलं नसतं आणि गरजही नव्हती, मस्कतला साडीतल्या बायका भरपूर दिसतात. अडचण फक्त पोट आणि पाठीची. काकूंनी त्यांना कमरेच्या खाली उतरणारी, कोपराच्या खाली बाही असलेली मलमलीची पोलकी शिवली. आत्या आरशात बघून खूष, म्हणाल्या आमच्या आईची पोलकी अशीच असायची. वर सुती साडी, पदर दोन्ही खांद्यांवरनं घेतलेला. रात्रीच्या बसनं मुंबईला आणि तिथनं विमानानं गेलो तेव्हा पण तेच.

जायच्या आधी एकदा घालून बघायचं ठरवलं होतं. एप्रिलच्या शेवटाला भर दुपारी मी आणि लेक पूर्ण वेशात, डोक्याला ओढणी गुंडाळून आयर्विन पुलावरनं चालत गेलो आणि परत आलो. पुलावर सावली नावाला नाही, १९२९ चा दगडी पूल, खालनं कृष्णेचं पाणी चमकत होतं. तिथं दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे ओढणी शिफॉनची किंवा सॅटिनची असली की दर पन्नास पावलांना घसरते, मलमलीची दोन मीटरची ओढणी केसांना धरून राहते. दुसरं, अंबाडा उंच बांधला की ओढणी मागं जाते, मानेवर खाली बांधायचा, मग एक टोक हनुवटीखालनं नेऊन विरुद्ध कानामागं एक पिन. बास. लेकीनं हे पाठ केलं आणि पुढं तिथं आत्यांना पण तिनंच बांधून दिलं.

मस्कतला विमानतळाच्या बाहेर पडलो तेव्हा पहाट होती तरी तोंडावर वाफ आल्यासारखं झालं. समुद्राकाठचं गाव, हवा दमट, घाम येतो पण वाळत नाही. अशा हवेत कापड कितीही चांगलं असलं तरी ते घाम वाळवू शकत नाही, फक्त सैल असेल तर आत वारा फिरतो, त्यामुळं इथं शिवणीचा फायदा जास्त. निझवाला गेलो तेव्हा अगदी उलट. मस्कतपासून गाडीनं दीडेक तासावर, आतल्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी, किल्ल्याचं गाव, हवा कोरडी ठणठणीत. तिथं मी ओढणी बाटलीतल्या पाण्यानं ओली केली, पिळली आणि डोक्यावर घेतली, माठासारखा गारवा, वाळली की परत ओली. हे मस्कतमध्ये करून बघितलं तर नुसतं ओलं फडकं डोक्यावर. निझवा जास्त जुन्या वळणाचं, शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो, गर्दी बहुतेक पुरुषांची. भाऊजी (वन्संचे मिस्टर) बरोबर होते, आम्ही डोकं झाकलं होतं, तसा नियम नाही पण मला तिथं तेच बरं वाटलं. एका म्हाताऱ्या आजोबांनी लेकीला हातानं खूण करून पुढं जागा करून दिली, बकरी नीट दिसावी म्हणून.

सुलतान काबूस मशिदीला सकाळी लवकर गेलो. मुस्लिम नसलेल्यांना शुक्रवार सोडून सकाळी ८ ते ११ आत जाता येतं, आणि कपडे दारातच बघतात, केस, मनगटापर्यंत हात, घोट्यापर्यंत पाय झाकलेले हवेत. आमच्या पुढं दोन मुलींना परत पाठवलं, पॅन्ट घट्ट होती, तिथं भाड्यानं अबाया मिळतो तो घालून त्या आल्या. आम्हा दोघींना गार्डनं एकदा बघितलं आणि हातानं आत जा म्हणाले. आत्यांच्या बाह्या थोड्या अपुऱ्या होत्या, त्यांनी साडीवरनंच अबाया चढवला आणि मला म्हणाल्या फोटो काढ, सांगलीला दाखवायचाय. ही मशीद २००१ मध्ये बांधून झाली, त्यात आपल्याकडचा सँडस्टोन वापरलाय. आतला गालिचा एकसंध, साधारण ७० बाय ६० मीटरचा, वजन २१ टन, इराणमधल्या ६०० बायकांनी चार वर्षं खपून विणलेला. आत्या कठड्याशी उभ्या राहून तो बराच वेळ बघत होत्या, त्यांनी स्वतः गोधड्या शिवल्यात, त्यांना त्यातली मेहनत कळते. बाहेरच्या अंगणातला संगमरवर नऊनंतर चटके देतो, चपला काढाव्या लागतात, म्हणून पर्समध्ये सुती मोजे ठेवा.

काळ्या अबायात तिथल्या बायकांना उकडत नाही का, हे लेकीच्या डोक्यातनं जात नव्हतं. १९८० साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात यावर एक पेपर आला होता, वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांवर. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो हे खरंच आहे, पण ती जादाची उष्णता कातडीपर्यंत पोचत नाही असं त्यात निघालं, कारण झगा ढगळ, आत हवा फिरत राहते. शेजारची ओमानी बाई बाळ बघायला आली तेव्हा आम्हाला ते डोळ्यांनी दिसलं. घरात सगळ्या बायकाच, तिनं दारातच अबाया उतरवला, आत जांभळा, गुडघ्याखाली उतरणारा सैल कुर्ता, आणि खाली पायजमा, घोट्याशी चांदीच्या जरीचं भरतकाम, वीतभर रुंद. लेक तिच्या पायाशी बसून ते टाके बघत होती आणि ती हसत पाय पुढं करून दाखवत होती. मग तिनं माझ्या काखेतला तो चौकोनी तुकडा चिमटीत धरून बघितला आणि मान डोलावली. भाषा येत नव्हती पण शिवणकाम दोघींना कळत होतं.

वादी शाबला (डोंगरातली पाण्याची घळ आहे ती) जायचं असेल तर हे सुती कपडे पाण्यात उपयोगाचे नाहीत, ओली मलमल जड होते, चिकटते आणि सगळं दाखवते. पाण्यासाठी गडद रंगाचा नायलॉनचा फुल बाह्यांचा टॉप, मांडीपर्यंत लांब, आणि त्याच कापडाची सैल पॅन्ट वेगळी न्या, बिकिनी वगैरे तिथं अजिबात नाही, गावातले लोक पोराबाळांसकट येतात. वाटेत कुरियात लागतं, तिथं २०१८ च्या जूनमध्ये चोवीस तासांतलं सगळ्यात कमी तापमानसुद्धा ४२.६ अंश होतं, म्हणजे रात्रीपण त्याच्या खाली आलं नाही. म्हणून आम्ही उजाडायच्या आधी निघालो, छोट्या होडीतनं पलीकडं गेलो आणि ऊन चढायच्या आत माघारी आलो. पायात घोट्याला पट्टा असलेली सँडल, कोल्हापुरी ओल्या दगडावर सटकते.

आणखी एक, मॉल, गाडी, दवाखाना सगळीकडं एसी जोरात. बाहेरनं घामेजून आत गेलं की ओला कुर्ता पाठीला गार पडतो, आत्यांची मान आणि खांदे त्यानंच धरले. तेव्हापासून पर्समध्ये एक कोरडी जाडसर ओढणी कायम, आत शिरताना खांद्यावर.

नेताना फार कपडे नेऊ नका, तीन जोड पुरतात, मलमल संध्याकाळी धुतली की झोपायच्या आत वाळते. घामाचे कपडे तसेच बादलीत ठेवले की मिठाचे पांढरे वळ पडतात, आल्या आल्या साध्या पाण्यातनं काढायचे. आणि गडद निळं कापड असेल तर ते शिवायच्या आधी भिजवताना रंग सोडतंय का बघा, सोडत असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत इथंच दोन-तीनदा धुऊन घ्या, नाहीतर घामानं तो रंग आतल्या स्लिपवर आणि मानेवर उतरतो.